कांचनचं विरजण

जळकी म्हणतात मला आमच्या आळीत. म्हणू देत. ज्या बाईच्या पोटात कधी कुणाबद्दल दुखलंच नाही, तिला पोट आहे की नाही हेच आधी तपासून घ्यावं, असं माझं मत आहे.

तांबळवाडीचं दूध संकलन केंद्र मी चालवते. दोन्ही वेळेला लोक दूध घेऊन येतात, मी मशीनवर फॅट काढते आणि आकडा तोंडावर सांगते. कुणी दुधात पाणी घातलं, कुणाची म्हैस आटत आली, कुणी पेंड सोडून नुसत्या कडब्यावर भागवलं, सगळं मला त्या आकड्यात दिसतं. त्यामुळं मोजमापाला मी कधी भ्यायले नाही. मोजणाऱ्यानं भ्यायचं नसतं, ज्याचं मोजतात त्यानं भ्यायचं. म्हणूनच दह्याचं मशीन गावात आलं तेव्हा पहिली वाटी घेऊन मीच पुढं झाले.

ते मशीन कशाला आलं होतं ते सांगते. गेली काही वर्षं पाऊस कसा पडतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. दरसाल डोंगराचा एखादा लचका खाली येतो, रस्ता वाहून जातो, औषधं ड्रोननं मागवावी लागतात. सगळ्या गावांचे रस्ते दरसाल नव्यानं बांधायचे तर सरकारची तिजोरीच वाहून जाईल. म्हणून सरकारनं ठरवलं, की वस्ती टिकणारी आहे की नाही ते आधी मोजायचं. गाव असो, शहरातली सोसायटी असो, नाहीतर झोपडपट्टी, सगळ्यांना एकच माप. शंभरातले किमान साठ गुण पडले तर ती वस्ती जपायची. त्याच्या खाली आली तर उचलायची आणि तालुक्याच्या माळावर बांधलेल्या चौदा मजली इमारतींत नेऊन बसवायची. त्या गुणांना म्हणायचं ‘टिकाव’.

मोजायला आली होती डॉक्टर वृंदा कारखानीस. पुण्याची पोरगी, तिशीतली, पायात डोंगर चढायचे बूट. शाळेच्या हॉलमध्ये तिनं आम्हाला सगळं समजावून सांगितलं. नवल म्हणजे आम्हाला समजलंही.

“पाणी, वीज, माती, कचरा, हे मोजणं सोपं आहे,” ती म्हणाली. “त्यात तुमचं गाव चांगलं आहे. झरे जिवंत आहेत, ओढ्यावरची वीज चालू आहे. पण गेल्या काही वर्षांतले पूर आणि दरडी आम्ही तपासल्या तेव्हा दिसलं, की सगळं काही असलेल्या काही वस्त्या एका पुरात कायमच्या बसल्या. आणि ज्यांच्याकडे धड छप्पर नव्हतं, अशा काही महिन्याभरात उठून कामाला लागल्या. फरक होता तो लोकांच्या एकमेकांकडच्या येण्याजाण्यात. आता ते कसं मोजायचं? लोकांना विचारलं तर सगळे एकच सांगतात.”

“आमच्यात लई एकी हाय,” मागून कुणीतरी बोललं आणि सगळा हॉल हसला.

“अगदी हेच सांगतात,” वृंदा म्हणाली. “दही मात्र खोटं बोलत नाही.”

मग तिनं ते जेवणाच्या डब्याएवढं मशीन दाखवलं. दह्यात कोट्यवधी जिवाणू असतात. आपण रोज दूध विरजतो म्हणजे त्यांच्या नव्या पिढ्या वाढवतो. दर पिढीत जुनीची नक्कल होते आणि नकलेत बारीक बारीक चुका राहतात. त्या चुका ठरावीक वेगानं साचत जातात. दोन घरांच्या दह्यांत कुठल्या चुका सारख्या आणि कुठल्या वेगळ्या हे मशीन वाचतं. त्यावरून कळतं, की ही दोन विरजणं मुळात एकाच गाडग्यातली का, कोणी कोणाकडून नेलं, कधी नेलं, आणि एकदाच नेलं की वरचेवर.

“दूध विकत मिळतं, दही विकत मिळतं,” ती म्हणाली. “पण विरजण अजून लोक शेजारी मागतात. आणि ज्या दारात विरजण मागता येतं, त्या दारात पुराच्या वेळी पोरंबाळं घेऊन जाता येतं. आम्ही शेकडो वस्त्यांत ताडून पाहिलं आहे. माझी स्वतःची सोसायटी चारशे फ्लॅटची आहे. गच्चीवर सौर पॅनेल, पाण्याचा फेरवापर, सगळं आहे. नकाशा काढला तर चारशे सुटे ठिपके निघाले. सगळ्यांचं दही पाकिटातलं. टिकाव एकोणीस. आमच्या भिंतीपलीकडे पत्र्याची वस्ती आहे, तिचा त्र्याऐंशी.”

“मग मॅडम, तुम्ही ऱ्हाता कुठं?” सरपंच महादेवआण्णांनी विचारलं.

“एकोणिसात,” ती म्हणाली, आणि जराशी लाजली.

आमच्या गावची गोम वेगळी होती. तांबळवाडीला दोन आळ्या, वरची आणि खालची. म्हसोबाची पालखी आधी कुठल्या आळीत वळवायची यावरून आमच्या सासऱ्यांच्या काळात भांडण झालं. तेव्हापासून दोन पालख्या निघतात, म्हसोबा बिचारा एकच. लग्नाचं आवतण नाही, मयताला खांदा नाही, मग विरजण कुठलं? प्रत्येक आळी एकटी मोजली तर फारच लहान पडते, हे वृंदानं आधीच सांगितलं होतं. सगळ्यांच्या जिवाला घोर लागला होता.

मी मात्र मनातून खूश होते. कारण वरच्या आळीत विरजण म्हणजे वनिताचं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. माझ्या आईचं विरजण ते. लग्न होऊन आले तेव्हा आईनं छोट्या बरणीत घालून दिलं होतं. आई गेली, भावानं घर विकलं, माहेर म्हणून माझ्याकडं राहिलं ते एवढंच. दर संक्रांतीला मी हळदीकुंकवाच्या वाणात विरजणाची वाटी देते. गावाचा नकाशा निघेल तेव्हा त्याच्या मुळाशी मी असणार, माझी आई असणार. बघू दे की खालच्या आळीला. बघू दे कांचनला.

आता कांचन कोण, ते सांगायलाच हवं. आमच्या ह्यांना, म्हणजे शहाजीरावांना, माझ्याआधी तिचं स्थळ सांगून आलं होतं. पसंतीही झाली होती. मग ह्यांच्या आत्यानं काडी घातली, की पोरगी नवऱ्यापेक्षा चार बोटं उंच आहे, अंतरपाट काय झाडाला बांधायचा? स्थळ मोडलं. वर्षाच्या आत मी ह्या घरात आले, आणि त्याच वर्षी कांचनही ह्याच गावात आली, खालच्या आळीच्या आनंदा चौगुल्याची बायको होऊन. देवाला दुसरं गावच सापडलं नाही. आनंदा वारून पुष्कळ वर्षं झाली. ती ताठ चालते, हसून बोलते, केस अजून काळे. मी ठेंगणी, मला चष्मा. गावातली टवाळ माणसं तिला अजून ‘शहाजीचं हुकलेलं स्थळ’ म्हणतात. हे ऐकून हसतात. हसायला काय झालं, मी म्हणते.

तर अशात एके दुपारी वृंदा आमच्या दारात आली. हातात टॅब.

“वनिताताई, घरात कोणी आहे?”

“हे रानात गेलेत. ये की. ताक देऊ?”

ताक म्हटल्यावर ती जरा चमकल्यासारखी झाली. मग बसली आणि टॅब माझ्यापुढं धरला. पडद्यावर वर एक ठिपक्यांचा घोळका होता, खाली एक होता. प्रत्येक घोळक्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे होते. आणि दोन्ही घोळक्यांच्या मधून एकच एक रेघ गेली होती.

“नकाशात नावं नसतात,” ती म्हणाली. “पण दोन भाग एकाच धाग्यावर जोडलेले असतील तर ती घरं लोकांना ओळखू येणारच. म्हणून नियम असा आहे, की दोन्ही घरांनी ग्रामसभेत स्वतःच्या तोंडानं होकार द्यायचा. तरच धागा धरायचा. नाहीतर पुसायचा. वरचं घर तुमचं आहे.”

“मला ठाऊकच होतं!” मी मांडी थोपटली. “खालच्या आळीची कोण चोरून नेत होती माझं विरजण?”

तिनं बोटानं पडद्यावरची रेघ मोठी केली. मग म्हणाली, “ताई, बाण वरून खाली जात नाहीये.”

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. बाण खालून वर येत होता. खालच्या घोळक्यातल्या एका ठळक ठिपक्यातून निघून माझ्या ठिपक्यात शिरत होता, आणि माझ्यातून पुढं अख्ख्या वरच्या आळीत पसरला होता.

“तुमच्या घरात त्या घरचं विरजण सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आलं,” वृंदा अडखळत म्हणाली. “त्यानंतरही येत राहिलं. दर चार-सहा महिन्यांनी. शेवटचं गेल्या उन्हाळ्यात.”

“आणि माझ्या आईचं?”

“तुमच्या घरात आता एकच वाण आहे, ताई. तेच.”

“घर कुणाचं ते?” मी विचारलं, पण खरं म्हणजे विचारायची गरज नव्हती. ठिपक्याशेजारून ओढा गेला होता, आणि ओढ्याकाठी त्या आळीत एकच घर आहे.

“कांचनताईंशी मी सकाळी बोलले,” वृंदा म्हणाली. “त्या म्हणाल्या, वनिता हो म्हणाली तर माझंही हो.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे त्या बाईला आधीपासून माहीत! सहा वर्षं मी संक्रांतीला मिरवून वाट्या वाटतेय, माझ्या आईचं माझ्या आईचं म्हणून, आणि ती खाली बसून हसतेय. आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होते मी. आणि ते पीठ आणून देणारा कोण, हे कळायला मला कुठलं मशीन नको होतं.

संध्याकाळी हे गोठ्यात धार काढत होते. मी दारात जाऊन उभी राहिले.

“विरजण कुठनं आणता तुम्ही?”

धारेचा आवाज थांबला. म्हशीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. ह्यांनी नाही.

“कुठलं विरजण?”

“माझ्या आईचं.”

ह्यांनी धार अर्ध्यावर सोडली. मग चरवी बाजूला ठेवून तिथंच पेंडीच्या पोत्यावर बसले.

“तू आईच्या दुखण्यात माहेरी होतीस,” हे म्हणाले. “मला काय जमतंय त्यातलं? विरजायचं ऱ्हायलं. गाडगं उघडून बघतोय तर ही एवढी बुरशी. फेकून दिलं. आन् त्याच दिवशी तुझा फोन आला, आई गेली म्हणून.”

मी चरवीवर फडकं टाकलं.

“तू परत आलीस ती बॅग न ठेवता आधी फळीकडं गेलीस. गाडगं उतरवलंस, वास घेतलास, आन् म्हणालीस, आई हाय ह्यात. मग मी काय सांगायचं हुतं, सांग की.”

“ते एकदा झालं. नंतर? नंतर दर खेपेला कशाला जात हुता तिच्याकडं?”

“वने, तुझं दही नासतं.”

“माझं?”

“तुझंच. सांजच्या दुधाच्या घाईत दूध कोमट व्हायची वाट बघत न्हाईस, कढतातच विरजण सोडतीस. थोडे महिने निभतं, मग दह्याला तार सुटती. तुझ्या ध्यानात यायच्या आत मी बदलून ठेवत आलोय. नासलं असं तुला कळलं असतं तर तू आईसाठी पुन्हा रडत बसली असतीस.”

खरं सांगते, दुसरी एखादी बाई असती तर तिथंच विरघळली असती. नवरा इतकं जपतो म्हणून देवापुढं दिवा लावला असता. मला मात्र वेगळंच दिसत होतं. हे वाटी घेऊन ओढा ओलांडतायत, ती दारात उभी आहे, ताठ, हसत. सहा वर्षं. दर चार-सहा महिन्यांनी.

“आळीत काय बाया मेल्या हुत्या? तिच्याच दारात का?”

“आळीत कुणाकडं मागू? समद्यांकडं तुझंच गेलंय. कुणाच्याबी दारात गेलो असतो तर माझ्याआधी बातमी घरी पोचली असती. खालच्या आळीतलं वरच्या आळीत कोण बोलत न्हाई. म्हणून गेलो.”

“आन् ती उंच हाय म्हणून न्हाई?”

“उंचीचा काय संबंध?”

“हाय संबंध!” मी ओरडले आणि घरात गेले. त्या दिवशी मी दूध विरजलंच नाही.

ग्रामसभा दुसऱ्या दिवशी दुपारी भरली. शाळेच्या हॉलमध्ये मधून वाट सोडून दोन आळ्या दोन बाजूंना बसल्या होत्या. वृंदानं भिंतीवर नकाशा पाडला. बाण काढून टाकले होते, नुसती रेघ ठेवली होती.

“हा धागा धरला तर तांबळवाडीचा टिकाव चौसष्ट होतो,” ती म्हणाली. तिनं बोट फिरवलं, रेघ गेली. “धागा नसेल तर एक्केचाळीस.”

एक्केचाळीस म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. पलीकडच्या खोऱ्यातलं एक गाव गेल्या साली तसंच उचललं होतं. त्या इमारतींत चिठ्ठ्या टाकून घरं देतात. कोण कुठल्या मजल्यावर, कोण कुठल्या इमारतीत, कुणाचा कुणाला पत्ता नाही. म्हशी तर सगळ्यांनी विकल्या. तिथं माझ्या केंद्राचं काय होणार, हे मला कुणी सांगायला नको होतं.

आणि तरीही माझ्या मनात काय आलं ते सांगते. मला वाटलं, चिठ्ठ्याच टाकतात ना? मग कांचन पडेल एका टोकाला आणि आम्ही दुसऱ्या. मध्ये ओढा नाही की वाटी नाही. सुंठीवाचून खोकला जाईल. आणि त्यासाठी मला काही करायचंही नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसलेल्या बाईला कुणी कधी पापी म्हणत नाही, उलट सोशिक म्हणतात.

“ती दोन घरं कुठली, हे मी सांगणार नाही,” वृंदा म्हणाली. “त्यांना वाटलं तर ती सांगतील. नाहीतर धागा पुसायचा.” तिनं माझ्याकडं बघितलं नाही. हुशार पोरगी.

कुणी उठेना. महादेवआण्णा टोपी काढून घाम पुसत होते. हे माझ्यापासून चार माणसं सोडून बसले होते, मान खाली घालून.

तेवढ्यात आमच्या आळीची फुलाबाई उठली. जीभ अशी की विळ्याला धार लावायला उसनी न्यावी.

“वरचं घर कुठलं त्यात काय कोडं हाय?” ती म्हणाली. “आमच्या आळीला दही पुरवती ती वनितावैनी. तेव्हा घर तिचंच. आन् खालच्या आळीतली कोण चोरटी तिचं विरजण चोरून नेती, तिनं आता मुकाट उभं ऱ्हावं! गाव बुडायला लागलंय तरी लाज वाटती का?”

आमच्या बाजूनं टाळ्या पडल्या. खालच्या आळीच्या बायका चवताळल्या. “चोरटी कुणाला म्हणतीस गं?” कालवा झाला. आणि त्या सगळ्या कालव्यात कांचन मागच्या भिंतीला टेकून गप्प उभी होती. एक शब्द बोलली असती तर फुलाबाईचं थोबाड बंद झालं असतं. ‘तीच माझं नेती,’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण ती बोलली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली वळवली. चोरटी म्हणवून घेतलं, पण माझ्या आईचं नाव राखलं.

तिथं माझं डोकं फिरलं. रूप तिचं, उंची तिची, दही तिचं, आणि आता मोठं मनसुद्धा तिचंच? आणि तेही माझ्या जिवावर? नाही. एवढं मी सहन करणार नव्हते. मी उठले.

“फुले, खाली बस. खालच्या आळीनं चोरी केलेली न्हाई. चोर माझ्या घरात हाय.”

सगळ्या माना ह्यांच्याकडं वळल्या. ह्यांनी डोळेच मिटून घेतले.

“माझ्या आईचं विरजण सहा वर्षांमागं नासलं,” मी म्हटलं. हे म्हणताना माझा आवाज फुटला, तो मी खाकरून जागेवर आणला. “तेव्हापासनं माझ्या घरात दही लागतंय ते कांचनचं. मी तुम्हाला संक्रांतीला दिलं तेबी तिचंच. ह्या आळीत प्रत्येकाच्या ताटात हाय ते कांचनचं दही हाय. माझा होकार हाय. मॅडम, धागा धरा. विरजण तिचं आन् नवरा माझा, दोन्ही नीट लिहून घ्या.”

मग आमच्या आळीचे म्हातारे दत्तूतात्या हळूच म्हणाले, “म्हंजे इतकी वर्षं आपण खालच्या आळीचं खाल्लं?”

“आन् पचलं की,” महादेवआण्णा म्हणाले.

आधी खालची आळी हसली, मग वरची. हसत नव्हतो ते आम्ही तिघंच. कांचननं मागून “माझंबी व्हय” म्हटलं, ते हसण्याच्या गदारोळात वृंदाला दोनदा विचारून घ्यावं लागलं.

वृंदा म्हणाली, “एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन वर्षांनी पुन्हा मोजणी होईल. तोवर हा धागा जिवंत राहिला पाहिजे. म्हणजे विरजण जात-येत राहिलं पाहिजे. एका माणसावर तो किती दिवस...”

हे उठायला लागले होते. खरंच, अर्धे उठले होते.

“तुम्ही बसा,” मी म्हटलं. “ह्यापुढं मी जाईन.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वृंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, समेट झाला. कसला समेट? ह्यांना पुन्हा त्या दारात उभं राहू द्यायचं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध घेऊन झाल्यावर मी वाटी घेऊन निघाले. ओढा ओलांडताना वाटलं, आख्खी खालची आळी खिडक्यांतून बघतेय, आणि बघतच होती. कांचनचं दार उघडं होतं. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवून उठली. उठली की संपतच नाही ती.

“ये, वनिता.”

“बसायला आले न्हाई. वाटीभर विरजण दे.”

ती आत गेली. मी उंबऱ्याबाहेरूनच घर बघून घेतलं. चूल लख्ख सारवलेली, फळीवर एकच ताट, एकच पेला. गाडगं घेऊन आली आणि चमच्यानं माझ्या वाटीत दही घालायला लागली. घट्ट, सायीचं. कापलं तर वडी पडावी असं.

“ह्यांनी तुला काय काय सांगितलं माझं?” मी विचारलं. हाच प्रश्न घेऊन आले होते मी. विरजण निमित्ताला होतं.

“कोण, भावजी?” ती म्हणाली. “काय न्हाई.”

“सहा वर्षं येत हुते.”

“येत हुते. तू उभी हाईस न्हवं, तिथंच उभं ऱ्हायचे. पाणी विचारलं तरी न्हाई म्हणायचे. वाटी पुढं करायचे आन् एकच बोलायचे, वनीला कळू देऊ नका, तिच्या आईचं हाय ते.” तिनं चमचा गाडग्याच्या काठावर ठेवला. “दर खेपेला तेच. वनीला कळू देऊ नका. मला काय वाटत असंल तवा, सांग?”

मी वाटी ह्या हातातून त्या हातात घेतली.

“माझ्या माहेरच्या लोणच्याची बरणी फुटली हुती एकदा. आईच्या हातचं शेवटचं लोणचं. आमचे हे म्हणाले, रडतीस काय, बाजारात ढीग मिळतंय. वाईट न्हवते ते. पण तेवढंच म्हणाले.” ती हसली, पण नेहमीसारखं नाही. “भावजी वाटी घेऊन वर जायला लागले की मी दारातनं बघत बसायची. लई हेवा वाटायचा मला तुझा, वनिता. जीव जळायचा नुसता.”

कांचनला माझा हेवा वाटावा, यासाठी मी आयुष्यभर काय काय नाही केलं. तिच्या दारावरून नवीन लुगडं नेसून गेले, पोरीच्या लग्नाची वरात मुद्दाम खालून काढली. आणि आता ते मिळालं होतं, तिच्याच तोंडून, भर उन्हात, आणि त्याचं काय करायचं ते मला कळेना. माझ्या घरी फळीवर दोन ताटं होती. मी वाटीवर पदर घेतला.

“येते,” मी म्हटलं.

“आता पुन्हा कधी? दिवाळीला?”

“उद्या.”

“उद्या?” तिनं भुवया उंचावल्या. “एवढ्यात कशाला लागतंय गं विरजण?”

मी तिच्याकडं वर बघितलं. तिच्याकडं वरच बघावं लागतं.

“माझं नासतं,” मी म्हटलं.